डॉल्फिनच्या कपाळाचं पिल्लू

गेले दोन महिने मी घरात, बसमध्ये, भिशीत, एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा डुकरांच्या पिल्लांबद्दल बोलते आहे. परवा भिशीत एकीनं पोह्यांची बशी हातात धरून स्पष्टच सांगितलं, "आज तो विषय नको हं." म्हणून लिहायला बसले. कागद उठून जात नाही.

आधी कबुली देते. डुक्कर हा शब्द मी साठ वर्षं शिवी म्हणूनच वापरला. देवळातल्या वराहाला नमस्कार, गल्लीतल्या वराहाला दगड, संपला संबंध. छत्तीस वर्षं मुद्रितशोधनात गेली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्यात, आणि आपल्याच डोक्यात एक अख्खं पान चुकीचं छापलेलं आहे याचा पत्ता नव्हता!

तर झालं असं. माझी भाची पशुवैद्य आहे, परळच्या महाविद्यालयात शिकलेली. हल्ली ती गोव्यात असते आणि सत्तरी तालुक्यातल्या एका वराहपालनाचं काम बघते. डिसेंबरात तिच्याकडे चार दिवस गेले होते, समुद्र बघायला. पहिल्याच संध्याकाळी मालकांचा फोन आला, एक डुकरीण रात्री विणार म्हणून. "मावशी, तू जेवून झोप." मी म्हटलं, मी येते. का म्हटलं ते अजून कळलेलं नाही. मालक आधी तयार होईनात. 2020 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर ईशान्य भारतात शिरला तेव्हापासून डुक्करवाले पाहुण्यांना घाबरतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. शेवटी मला तिथं अंघोळ करायला लावली, फार्मचे कपडे, फार्मचे गमबूट, आणि मगच आत. माहेरी सोवळ्यात वाढलेली मी डुकरांसाठी पुन्हा सोवळ्यात गेले.

डुकरीण मोठी, पांढरी, यॉर्कशायर जातीची. आडवी झाली असती तर दिवाण व्यापला असता तिनं, पण आडवी होईल तर ना! पेंढा तोंडात धरायची, कोपऱ्यात नेऊन टाकायची, पुढच्या पायानं उकरायची, परत यायची. "घरटं करतेय," भाची म्हणाली. घरटं! गाय करत नाही, शेळी करत नाही, खुरवाल्यांत हा उद्योग एकट्या डुकरिणीचा. आणि गाभणपण एकशे चौदा दिवसांचं: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. पाढ्यासारखं पाठ झालंय मला.

भाचीच्या पिशवीतून जुने टॉवेल निघाले, दोरा, आयोडीन, मार्कर पेन, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक नळकांडं. ते मी ओळखलं! सांगलीला दिरांच्या द्राक्षबागेत असतं ते, ब्रिक्स मीटर. मणी चिरडून थेंबभर रस काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, गोडी किती उतरली ते कळतं. "हे इथं कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "थांब, दाखवते."

साडेदहाला पहिलं पिल्लू आलं. मला वाटलं होतं डुकरीण चाटेल, गाय वासराला चाटते तशी. छे. तिनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. पिल्लू ओलं, नाळ लोंबतेय, थरथरतंय, आणि तेवढ्यात उभं राहिलं! माणसाच्या पोराला ज्याला वर्ष लागतं ते त्यानं दोन-तीन मिनिटांत उरकलं. धडपडत आईच्या मागच्या पायाला वळसा घालून पोटाकडे निघालं. मी हातातला टॉवेल विसरून बघत राहिले.

आणि मग भाचीनं ते वाक्य उच्चारलं, ज्यानं माझी पुढची दोन महिन्यांची झोप घालवली.

"मावशी, ह्याच्या रक्तात आत्ता आईच्या अँटिबॉडी जवळपास शून्य आहेत."

करोनानंतर अँटिबॉडी हा शब्द आपल्याकडे भाजीवालीलाही माहीत आहे. मलाही वाटत होतं की आईच्या असतात त्या पोराला पोटातच मिळतात. माणसात मिळतातच. आपली वार आईच्या रक्तात अक्षरशः बुडलेली असते, आणि तिच्या पेशींवर एक खास हमाल बसलेला असतो, जो आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी उचलून पलीकडे नेऊन ठेवतो. असा कोणीतरी असलाच पाहिजे, हा अंदाज वेल्समधल्या बँगॉरच्या ब्रॅम्बेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं बांधला होता, प्रत्यक्ष सापडण्याच्या कितीतरी आधी. (हाच ब्रॅम्बेल ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या पशुकल्याण समितीचा अध्यक्ष होता आणि त्या समितीच्या 1965 च्या अहवालानं सांगितलं की गोठ्यातल्या जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता, पाय ताणता आलं पाहिजे. एकाच माणसाच्या डोक्यात हे दोन्ही! मला हे कळलं तेव्हा मी उठून चहा केला.) हमालाचं काम मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत चालतं. पूर्ण दिवसांचं मूल जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तातली ही शिदोरी आईच्या बरोबरीची, कधीकधी तिच्याहून जास्तसुद्धा असते.

डुकरिणीची वार बुडत नाही. नुसती टेकते. आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे सहा पदर शाबूत राहतात. अन्न झिरपतं, प्राणवायू झिरपतो, पण अँटिबॉडी म्हणजे अवजड गाठोडं, ते काही पलीकडे जात नाही. गाईचंही साधारण असंच. म्हणजे पिल्लू जगात येतं ते सैनिक नसलेल्या किल्ल्यासारखं, आणि येतं कुठं, तर शेणामुताच्या जमिनीवर.

"मग जगतं कसं?"

भाचीनं डुकरिणीचा सड दाबला आणि ब्रिक्स मीटरच्या काचेवर पिवळट, दाट थेंब घेतला. "चीक," ती म्हणाली.

चीक! म्हणजे खरवसाचा चीक! मी आयुष्यभर जायफळ-वेलची घालून वड्या पाडून खाल्ला तो! मला खरवस म्हणजे गोड पदार्थ एवढंच ठाऊक. तो मुळात वासराचा दारूगोळा आहे हे मला साठाव्या वर्षी डुकरांच्या शेडमध्ये, रात्री अकरा वाजता कळलं. मी नळकांड्याला डोळा लावला. सत्तावीस. "पंचवीसच्या वर म्हणजे चांगलं," भाची म्हणाली. द्राक्षात तो आकडा साखरेचा, इथं तो आईच्या रक्तातून उतरलेल्या प्रथिनांचा, म्हणजे मुख्यतः अँटिबॉडींचा अंदाज.

आता खरी धमाल ऐका. मोठं प्रथिन पोटात गेलं की पचतं, तुकडे होतात. अँटिबॉडी पचली तर उपयोग काय? म्हणून त्या चिकातच पचन रोखणारं एक द्रव्य असतं. आणि नवजात पिल्लाच्या आतड्याच्या पेशी अँटिबॉडी न तोडता अख्खीच्या अख्खी गिळतात आणि रक्तात सोडतात. सताड उघडं दार! पण हे दार जन्मानंतर चोवीस ते छत्तीस तासांत बंद होतं, आणि चिकातल्या अँटिबॉडी तर बारा-चोवीस तासांतच झपाट्यानं ओसरतात. एका बाजूनं दार लोटलं जातंय, दुसऱ्या बाजूनं शिदोरी संपतेय. त्या दिवसात पिल्लानं साधारण अडीचशे ग्रॅम चीक प्यायला हवा. दोनशेच्या खाली गेलं की जगण्याचीच काळजी.

पिल्लं येत राहिली. वीस मिनिटांनी एक, कधी चाळीस. भाची पुसायची, वजन करायची, पाठीवर मार्करनं नंबर घालायची. चौदाशे ग्रॅम, साडेतेराशे, पंधराशे. मी वहीत लिहायचे. मला काम मिळालं होतं, आणि खरं सांगते, गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याही पुस्तकाच्या प्रुफावर मी इतकी नीट नजर ठेवली नव्हती.

बारावं आलं ते नऊशेचं. आणि पहाटे अडीचला तेरावं.

सातशे ऐंशी ग्रॅम. माझ्या तळहातावर मावलं. पण नुसतं लहान नव्हतं ते. बाकीच्यांचं लघुरूप नव्हतं. त्याचं डोकंच वेगळं होतं: कपाळ उभं, फुगीर, डोळे बाहेर आलेले, तोंडाशी उभ्या सुरकुत्या, अंगावरचे केस कसेही पसरलेले. म्हाताऱ्याचा चेहरा आणि बाळाचं अंग.

"डॉल्फिनचं कपाळ," भाची म्हणाली. "बघ, हे लहान नाहीये. हे पोटात खुरटलंय."

खुरटणं म्हणजे काय ते तिनं मला समजावलं, मध्येच चौदाव्याची वाट बघत, जे आलंच नाही. पोटात अन्न कमी पडलं की गर्भाचं शरीर वाटणी करतं. आणि ती वाटणी समसमान नसते. आपल्याकडे जमिनीची वाटणी होते तेव्हा थोरल्याला रस्त्याकडची मिळते ना, तसं. मेंदू थोरला. रक्त आधी मेंदूकडे. त्याचं पोट भरेल तसं भरेल, बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचं. म्हणून डोकं मोठं दिसतं. ते मोठं नसतंच, बाकीचं अंग मागं पडलेलं असतं. धडधाकट पिल्लाचं यकृत मेंदूपेक्षा जड भरतं. अशा खुरटलेल्या पिल्लात उलटं, मेंदू यकृताहून जड!

आणि धाकट्या वाटेकऱ्यांत कोण कोण येतं? यकृत, जिथं पहिल्या दिवसाची साखर साठवलेली असते. आतडं, ज्यातून चीक रक्तात जायचा. प्लीहा. आणि थायमस.

थायमसबद्दल मला थांबून सांगायलाच हवं, कारण मला ती ग्रंथी ठाऊकच नव्हती. आपल्यात छातीच्या हाडामागे असते. डुकराच्या पिल्लात मानेतून पार घशापर्यंत पसरलेली. 1961 पर्यंत ती काय करते हे नीट माहीत नव्हतं. निरुपयोगी समजायचे! मग लंडनमध्ये जॅक मिलर नावाच्या तरुण संशोधकानं नवजात उंदरांची थायमस काढून बघितली तर ते उंदीर संसर्गाशी लढूच शकेनात. टी-पेशी, म्हणजे आपल्या प्रतिकाराचे शिकलेसवरलेले शिपाई, तिथं तयार होतात. ती शिपायांची शाळा आहे. आणि उपासमार झाली की शरीर सगळ्यात आधी ज्या खर्चाला कात्री लावतं त्यातली ही शाळा एक. खुरटलेल्या पिल्लांत ती लहान भरते. मी तेराव्याच्या मानेवरून बोट फिरवलं. काही कळलं नाही अर्थात. पण फिरवलं.

म्हणजे बघा ना! ज्याला स्वतःचे शिपाई सर्वांत कमी, त्यालाच आईचा चीक सर्वांत जास्त हवा. आणि नेमकं तेच आतडं बारीक घेऊन आलंय, आतली झालर आखूड घेऊन आलंय, सडापर्यंत पोचायला सगळ्यात उशीर करतंय. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये हेच दाखवलं: कपाळाच्या आकारावरून ओळखलेली ही पिल्लं पुरेसा चीक पीतच नाहीत. कपाळावर लिहिलेलं असतं म्हणतात ते याहून शब्दशः कुठं असेल?

"पण एकाच आईच्या पोटात, एकाच वेळी, तेरा भावंडं. ह्यालाच का कमी पडलं?" मी विचारलं.

ह्याचं उत्तर मला इतकं आवडलं की त्यासाठी वेगळा परिच्छेद. डुकरिणीचं गर्भाशय म्हणजे दोन लांबलचक, वळ्यावळ्यांची शिंगं. दहाव्या दिवसाच्या आसपास प्रत्येक गर्भ वाटाण्याएवढा गोळा असतो. आणि मग तो लांबायला लागतो. वाढत नाही, पेशी जागा बदलतात आणि गोळ्याचा दोरा होतो, तासाला तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर! तासाला! तुम्ही जेवण करून आवराआवर करेपर्यंत तो दोन-अडीच इंच लांबलेला असतो. सोळाव्या दिवसापर्यंत जवळजवळ मीटरभर. (मराठीत वार म्हणजे गजासारखं मापही आणि वार म्हणजे प्रसूतीनंतर पडते तीही. वारभर लांब होऊन वार धरायची! मुद्रितशोधकाला असा शब्द सापडला की दिवस चांगला जातो.) ज्यानं भिंतीची जेवढी जागा धरली तेवढी त्याची वार, तेवढं त्याचं जेवण. घरात माणसं जास्त आणि खोल्या तेवढ्याच. डेन्मार्कमध्ये निवड करून करून हल्ली एका वेताला सरासरी सतराच्या वर जिवंत पिल्लं होतात, आणि सड साधारण चौदा-सोळा. जास्तीच्या पिल्लांना दुसऱ्या डुकरिणी दाई म्हणून लावाव्या लागतात. वेत मोठं केलं, पण गर्भाशय काही त्या प्रमाणात वाढलं नाही. ही हाव आहे असं माझं मत, भाचीचं जरा मवाळ आहे. मालकांनी विषय काढल्यावर गोव्याच्या अगोंदा जातीच्या काळ्या, लहान डुकरांची आठवण काढली आणि म्हणाले, ती थोडी पिल्लं देतात पण त्यांची त्यांना बरोबर सांभाळता येतात.

पण तेरावं अजून माझ्या हातात होतं आणि गार पडत होतं.

गार! गोव्यात, डिसेंबरात, मला पंखा हवासा वाटत होता. पण नवजात पिल्लाला हवी असते चौतीस अंशांच्या पुढची ऊब. माणसाच्या बाळाच्या पाठीवर तपकिरी चरबीची एक थैली असते, न थरथरता उष्णता देणारी. डुकरांच्या वंशात ती उष्णता निर्माण करणारं जनुकच सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी मोडलं. स्वीडनच्या उप्साला इथल्या संशोधकांनी 2006 मध्ये हे दाखवलं. बहुधा उष्ण प्रदेशात त्याची गरज पडली नसावी. मग पिल्लं थरथरतात, एकमेकांवर चढून झोपतात, आणि आई घरटं करते! तो पेंढा! संध्याकाळी मी ज्याला वेडेपणा समजले ती दोन कोटी वर्षांपूर्वीच्या मोडक्या जनुकाची भरपाई होती. मी एवढ्या जोरात "अगंबाई!" म्हटलं की डुकरीण हुंकारली.

गार पडलेलं पिल्लू चोखत नाही, चोखलं नाही की आणखी गार पडतं, आणि मग ऊब शोधत आईच्या अंगाखाली जाऊन चेंगरतं. कागदावर लिहितात चेंगरून मेलं. भाची म्हणाली, "खरं कारण आधीच्या दहा तासांत असतं."

तिनं काय केलं ते सांगते. तेराव्याला पुसून दिव्याखाली ठेवलं. पहिली सहा, ज्यांची पोटं तट्ट झाली होती, ती उचलून पेंढ्याच्या खोक्यात टाकली, तासाभरासाठी. केवढा कालवा केला त्यांनी! सड मोकळे झाले, मग उरलेल्यांची पाळी. पंगत उठवून दुसरी पंगत बसवायची, आपल्याकडे लग्नात करतात तशी. बारावं लागलं. तेरावं लागेना. सडाला तोंड लावायचं, सुटायचं. मग तिनं स्टीलच्या वाटीत चीक पिळला आणि बारीक नळीनं थेट पोटात सोडला, थोडा थोडा, दर दोन तासांनी.

"दुसऱ्या डुकरिणीचा चीक फ्रीजमध्ये आहे म्हणालीस ना, तो का नाही?" वाटी भरायला फार वेळ लागत होता म्हणून मी विचारलं.

"अँटिबॉडी चालतील कोणाच्याही. पण चिकात आईच्या जिवंत पेशीसुद्धा असतात. त्या पिल्लाच्या आतड्यातून आत शिरतात, रक्तात जातात. पण फक्त स्वतःच्या आईच्या. परक्या डुकरिणीच्या पेशींना आतडं आत घेत नाही."

मी तिला हे पुन्हा म्हणायला लावलं. हा प्रयोग लोकांनी पेशींना खुणा लावून केलेला आहे. म्हणून पिल्लू दाईकडे द्यायचं तरी पहिले काही तास त्याला स्वतःच्या आईकडे पिऊ द्यायचं असतं. जन्माला येऊन काही तास झाले नाहीत, पण आतड्याला आई ओळखू येते! यावर मला काही सुचलं नाही. मी वाटी धरून उभी राहिले.

पहाटे पाचला बारावं गेलं. लागलेलं होतं, पीत होतं, तरी गेलं. वहीत मी त्याच्यापुढे काय लिहायचं म्हणून थांबले तर भाचीनं माझ्या हातून पेन घेऊन एक फुली मारली आणि तेराव्याकडे वळली. मालक चहा घेऊन आले, म्हणाले, त्यांच्या हिशेबात दोन्ही आधीच वजा होती. क्रूरपणानं नाही म्हणाले. अनेक ठिकाणी अशा पिल्लावर रात्र घालवत नाहीत, आणि तिसाएक विणाऱ्या डुकरिणी असल्या तर परवडतही नसेल.

सकाळी आठला तेरावं एका मागच्या सडाला लागलं होतं. पुढच्या सडांना दूध जास्त, ते धडधाकटांनी वाटून घेतले होते. सुईसारखे आठ दात घेऊनच जन्मतात ही पोरं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत गालांवर ओरखडे काढून ज्याचा त्याचा सड ठरवतात, तो दूध तुटेपर्यंत कायम. तेव्हा इथंही वाटणीच. त्याला परसाकडची मिळाली. पण मिळाली.

मी समुद्र बघितला नाही. उरलेले तीन दिवस भाचीच्या लॅपटॉपवर वाचत बसले, आणि पुण्याला येऊनही तेच चालू आहे. आणि वाचता वाचता एक बाई भेटल्या: एल्सी विडोसन. केंब्रिजच्या. ह्या आणि त्यांचे सहकारी मॅककॅन्स यांनी 1940 मध्ये कुठल्या अन्नात काय किती असतं त्याचे तक्ते छापले, जे जगभर वापरले गेले. महायुद्धातलं रेशन माणसाला पुरेल का हे बघायला त्यांनी स्वतः ते खाल्लं आणि डोंगर चढून आले. आणि याच बाईंनी 1971 मध्ये एकाच वेतातली सगळ्यात लहान आणि मोठी पिल्लं शेजारी ठेवून त्यांचा एकेक अवयव तोलला, जन्माच्या वेळी आणि मोठी झाल्यावरही. मेंदू वाचवला जातो आणि बाकीचे मागं राहतात, ह्या वाटणीचा हिशेब त्यांनी वजनकाट्यावर मांडला. माझी आवडती शास्त्रज्ञ कोण असं आता कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.

आणि मग गॅम्बिया. पश्चिम आफ्रिकेतल्या केनेबा आणि आसपासच्या गावांत जन्ममृत्यूच्या नोंदी कित्येक वर्षं काळजीपूर्वक ठेवल्या होत्या. 1997 मध्ये त्यावरून एक निबंध प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात तिथं जुनं धान्य संपलेलं, नवं यायचं, आणि बायकांना शेतात राबायचं. त्या भुकेच्या हंगामात जन्मलेली मुलं लहानपणी इतरांसारखीच जगली. पण तरुण झाल्यावर त्यांच्यात अकाली मृत्यूंचं प्रमाण कितीतरी जास्त, आणि कारणं बहुतेक संसर्गाची! ज्या वाटणीचा निकाल पोटात लागला त्याची वसुली वीस वर्षांनी. थायमसचा संशय तिथंही घेतला गेला. मला तर माझ्या मुक्कामाच्या गावातलंच सापडलं: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा करत आले. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आणि आपली बाळं दिसायला हडकुळी, पण चरबी मात्र राखून असलेली. इथं वाटणीत चरबीला झुकतं माप! का, याचं उत्तर वेगळं आहे आणि मधुमेहाकडे जातं, त्यात मी आत्ता शिरत नाही, पण रास्ता पेठेत माझी बस रोज केईएमवरून जायची हो!

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला एवढं का लागलं? तर माझं जन्मवजन पावणेचार पौंड. आठव्या महिन्यात झाले. पेटी-बिटी नव्हती गावात. आजीनं कापसात गुंडाळलं, बाजेखाली शेगडी ठेवली आणि आईला उठू दिलं नाही. पहिल्या पावसाला माझी छाती भरायची आणि आत्या म्हणायच्या, मुळातच किडकी. मुळातच! म्हणजे हमालानं शेवटच्या महिन्यातलं गाठोडं अजून पोचवलंच नव्हतं! मी असं म्हणत नाही की सगळं त्यामुळंच. आमच्या घराला ओलही भरपूर यायची. पण त्या रात्री दिव्याखाली थरथरणाऱ्या सातशे ऐंशी ग्रॅमला बघताना मला आजीची शेगडी आठवत होती, आणि आजीला ह्यातलं काहीही ठाऊक नसताना तिनं जे केलं तेच भाची शिकून सवरून करत होती.

आणि खरवसाचं राहिलंच. कोपनहेगन विद्यापीठात पेर सांगिल्ड यांचा गट पिल्लं दिवस भरायच्या आधी सिझेरियननं काढतो आणि त्यांच्यावर अकाली जन्मलेल्या माणसांच्या बाळांचे प्रश्न सोडवतो, कारण पिल्लाचं आतडं आपल्या बाळाच्या आतड्याशी फार जुळतं. अशा बाळांना आतड्याचा एक भयंकर आजार होतो, त्यात आतडं अक्षरशः सडतं. पिल्लांना डब्याच्या दुधाऐवजी चीक पाजला तर तो आजार कमी होतो. आणि चीक कोणाचा? गाईचा! पुढे डेन्मार्कमध्ये अकाली जन्मलेल्या खऱ्या बाळांच्या दुधात गाईचा चीक मिसळून चाचणीही झाली. डॉक्टरांच्या देखरेखीत, मोजूनमापून. कुणी घरी हा उद्योग करू नका. पण आमच्या दूधवाल्याला मी आता विचारते, "वासरू प्यालं का आधी पोटभर?" तो म्हणतो, "ताई, खरवस पाहिजे का चौकशी?"

तेराव्याचं म्हणाल तर मी रोज फोन करत होते. तिसऱ्या दिवशी त्याला लोहाचं इंजेक्शन मिळालं, सगळ्यांनाच देतात, सिमेंटच्या जमिनीत माती खायला मिळत नाही म्हणून. तीन आठवड्यांनी ते अडीच किलोचं होतं, बाकीची पाच-साडेपाचची. आणि मी आनंदानं ओरडले तर भाची म्हणाली, थांब. आईकडून आलेल्या अँटिबॉडी आता ओसरत चालल्यात आणि ह्याच्या स्वतःच्या अजून धड तयार होत नाहीत. दोन्हींच्या मधली खाच. नेमकं ह्याच खाचेत दूध तुटतं, जागा बदलते, हगवण लागते. युरोपात ह्या हगवणीसाठी खाद्यात औषध म्हणून झिंक ऑक्साइड भरमसाट घालायचे, ते जून 2022 पासून बंद केलं, आणि तेव्हापासून सगळे पुन्हा चिकाकडे, वेळेकडे, उबेकडे बघायला लागलेत. "ह्याला आणखी दहा दिवस आईपाशी ठेवायला मालकांना सांगितलंय," ती म्हणाली. मालक ऐकले. वजा केलेलं होतं ना, मग काय जातंय.

परवा तिनं व्हिडिओ पाठवला. शेडमध्ये ऊन आलंय, पिल्लं पेंढ्यातून उधळतायत, एकमेकांना धक्के देतायत. पाठीवरचे नंबर केव्हाच पुसले गेलेत. खाली एवढंच लिहिलं होतं: ओळख बघू.

आतापर्यंत नऊ वेळा पाहिला. डाव्या कोपऱ्यातलं, पाण्याच्या निपलपाशी उभं असलेलं, तेच असणार. किंवा त्याच्या मागचं.